ताप उतरल्यावर

सत्तेचाळीस नंबरचा खळगा पिवळा झाला, आणि ऊर्मीला आधी बरंच वाटलं. शुक्रवारचे साडेबारा वाजले होते. तळहाताएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओळीनं शहाण्णव खळगे होते, प्रत्येकात एकेका माणसाच्या रक्तावरचं पाणी होतं, आणि शेवटचं आम्ल टाकलं की ज्याच्या रक्तात डेंग्यू असेल त्याचा खळगा हळदीच्या पाण्यासारखा पिवळा व्हायचा. रंग असा एकदम, शंकेला जागा न ठेवता चढला की सकाळपासून उभं राहिल्याचा शीण जायचा. तिनं यादीवर बोट ठेवलं आणि ते खाली सरकवत नेलं. सत्तेचाळीस. स्त्री, वय चौतीस. मंगळवार. चिपचा निकाल: नाही. बोट तिथंच राहिलं. हातमोज्याच्या आत घाम आला होता आणि रबर बोटाला चिकटून बसलं होतं, ते तिला आत्ता कळलं. यादीत नावं नसायची, नुसते नंबर असायचे; नावं एन्नोरच्या दवाखान्यातल्या वहीत, कुलपात. दोन ट्रे मिळून एकशे बारा नंबरांपैकी तिला फक्त एकाचं नाव माहीत होतं, आणि ते माहीत असायला नको होतं.

चिप त्यांनी स्वतः बनवली होती, संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत. दोन वर्षं ऊर्मी तेच करत होती. पोस्टाच्या तिकिटाएवढा, पारदर्शक, रबरासारखा लवचिक तुकडा; त्याच्या पोटात केसाहून बारीक नलिका. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब तोंडाशी ठेवला की तो आपला आपण आत ओढला जायचा, वळणं घेत पुढं जायचा, आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या टोकाला ठिपके उमटायचे. एक ठिपका कंट्रोलचा: तो गडद निळा उमटला म्हणजे चिप नीट चालली. दुसरा डेंग्यूचा. तो उमटला तर डेंग्यू, नाही तर नाही. डॉ. चंद्रमौळी, तिचे सर, पाहुण्यांना म्हणायचे की अख्खी प्रयोगशाळा आम्ही खिशात मावेल एवढी केली आहे. ते खरं ठरवण्यासाठी या पावसाळ्यात, दोन हजार आठच्या ऑक्टोबरपासून, एन्नोरच्या एका छोट्या दवाखान्यात चाचणी सुरू होती. तापाचा रुग्ण आला की तिथल्या तिथं चिप लावायची, त्याच माणसाचं थोडं रक्त बर्फाच्या पेटीतून इथं आणायचं, आणि दर आठवड्याला जुन्या, भरवशाच्या पद्धतीनं तपासून दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडायचे. नियम एकच होता आणि तो पहिल्या दिवशी सरांनी दोनदा सांगितला होता. चिप अजून शिकते आहे, म्हणून ती काय म्हणते ते रुग्णाला सांगायचं नाही. डॉक्टरांनाही नाही. ते आपले नेहमीसारखे उपचार करतील.

मंगळवारी ती बाई बाकावर सगळ्यात शेवटी बसली होती. अंगावर फिकट जांभळी साडी, तापानं डोळे लाल. ऊर्मी फोनवर आईशी बोलत होती, संध्याकाळी भाजी काय आणू असं काहीतरी, आणि फोन ठेवल्यावर ती बाई म्हणाली, "तुमी मराठी की?" ऊर्मी चमकली. मद्रासचं चेन्नई झालं त्या वर्षी वडिलांची बँकेतून बदली होऊन ते इथं आले, तेव्हापासून बारा वर्षांत घराबाहेर तिच्याशी असं अचानक कुणी मराठी बोललं नव्हतं. आणि हे मराठीही कुठल्या तरी जुन्या कागदातून वाचल्यासारखं, तमिळच्या चालीवर डोलणारं. "आमी तंजावरचे," बाई म्हणाली. "आमचं मराठी ऐकून तुमास हसू येल." तिचं नाव हेमावती. नवरा थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, कँटीनमध्ये, ती स्वतः बालवाडीत मदतनीस. आजोबा पुड्यांचे कागददेखील उलगडून त्यांवर मोडी लिपी दिसते का बघायचे म्हणे. आता घरात मराठी फक्त बोलण्यापुरती, आणि मुलगी तर उत्तर तमिळमधूनच देते. ऊर्मीनं तिच्या बोटाला टोचलं, थेंब चिपच्या तोंडाशी ठेवला, आणि वीस मिनिटं दोघी बोलत बसल्या. ती 'मला' न म्हणता 'मज' म्हणायची. ते 'मज' ऐकलं की ऊर्मीला आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे गेलो आहोत असं वाटायचं, सांगता न येण्यासारखं सुख वाटायचं. मग हेमावतीनं विचारलं, "मज काय झालंय, सांगा गे अम्मा. गल्लींत तिघांस डेंग्यू आहे म्हणतात. मज भेव वाटतंय." ऊर्मीनं चिप भिंगाखाली धरली. डेंग्यूचा ठिपका नव्हता. ती म्हणाली, "घाबरू नका. काही नाही निघालं. साधा ताप आहे."

इथपर्यंत तिला सगळं लख्ख आठवत होतं. हेमावतीचा चेहरा कसा सैल पडला, तिनं पदरानं मान कशी पुसली. त्यानंतर पिशवी उचलता उचलता ती आणखी काहीतरी म्हणाली होती आणि ऊर्मीनं त्याला उत्तरही दिलं होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, बर्फाची पेटी बंद करायची होती. ती काय म्हणाली ते मात्र आठवेना.

तिनं दवाखान्यात फोन लावला. नर्स बाई म्हणाल्या, डॉक्टर आता सोमवारी. सत्तेचाळीस? थांबा. हां, हेमावती. ती काल स्वतः येऊन गेली की; बालवाडीत द्यायला चिठ्ठी घेऊन गेली. ताप उतरलाय तिचा. "ताप उतरलाय," त्या पुन्हा म्हणाल्या. रिसीव्हर कानाला तसाच होता. लहानपणी सांगलीला ती आजारी पडली की आई काखेतला थर्मामीटर काढून खिडकीशी न्यायची, उजेडात फिरवून बघायची, आणि तिथूनच म्हणायची, "उतरला गं." त्या एका शब्दाबरोबर घर पुन्हा घर व्हायचं, मऊ भात, तूप, अंगावरून फिरणारा ओला पंचा. उतरला यापेक्षा चांगला शब्द त्या वयात तिला माहीत नव्हता. आणि गेली दोन वर्षं ती जे वाचत आली होती त्यात पानोपानी उलटं लिहिलेलं होतं. डेंग्यूत घात होतो तो ताप असताना नव्हे. ताप उतरतो, माणूस उठून बसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरू लागतं. हातपाय गार पडतात, पोट दुखतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. शंभरातल्या थोड्यांच्या. पण कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही.

सर त्यांच्या खोलीत डबा उघडून बसले होते. ते कुंभकोणमचे, तिच्याशी इंग्रजीत बोलत, मध्येच तमिळवर येत. तिनं यादी समोर ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "एक चुकलं. शंभरात एक चुकणारच. वाईट नाही." मग तिच्या तोंडाकडे पाहून, "काय झालं?" ऊर्मी म्हणाली, "पेशंटला कळवायला हवं, सर." ते म्हणाले की सोमवारी डॉक्टरांना सगळे निकाल जातीलच, ठरलंच आहे तसं. तापाची बाई आहे, डॉक्टरांनी डेंग्यू धरूनच सल्ला दिला असणार. आपल्या चिपवर तर कुणी अवलंबून नव्हतं. "नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. दह्याभाताचा घास हातात तसाच होता. प्रश्न साधाच होता, त्यात संशय नव्हता. ऊर्मी म्हणाली, "नाही." आणि मग, "मला आज लवकर जायचंय, सर. घरी काम आहे." दोन वाक्यांत दोनदा ती खोटं बोलली. सर म्हणाले, जा.

गिंडीहून पॅरीज कॉर्नरपर्यंत एक बस आणि तिथून एन्नोरची दुसरी. दुसरी बस तोंडियारपेटच्या पुढं गेली आणि कंटेनरच्या लॉऱ्यांमध्ये अडकली. बंदराकडे जाणाऱ्या लॉऱ्या या रस्त्यावर रोजच उभ्या असतात, दिवसचे दिवस. ड्रायव्हर दोन चाकांच्या मध्ये स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करतात. बसच्या दोन्ही खिडक्यांतून नुसते लोखंडी डबे दिसत होते, निळे, विटकरी, त्यांच्यावर परक्या अक्षरांचे आकडे. समुद्र डाव्या हाताला आहे की उजव्या तेही कळेना; फक्त खारट, तेलकट वास येत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणी तक्रार केली नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारा मांडीवर माशांची रिकामी टोपली घेऊन झोपला होता. ऊर्मी स्वतःशी दिवस मोजत होती. हेमावतीला ताप आला शनिवारी. मंगळवार चौथा. गुरुवारी उतरला म्हणजे सहावा. आज सातवा. सातव्या दिवशी धोका सरत आलेला असतो, पुस्तक तसं म्हणतं. पण पुस्तक 'बहुधा' असंही म्हणतं. तिनं आपली बोटं आपल्याच मनगटावर ठेवली, ती गार आहेत की गरम ते बघायला, आणि तिला ठरवता येईना.

आणि त्या थांबलेल्या बसमध्ये, तिनं तीन दिवस बाजूला सारून ठेवलेलं ते वर आलं. भिंगाखाली तिनं चिप धरली तेव्हा डेंग्यूचा ठिपका नव्हता हे खरं. पण कंट्रोलचा ठिपकाही नीट नव्हता. होता, पण फिका. धुतलेल्या कापडावर शाईचा डाग उरतो तेवढा. दुसऱ्या वळणावर हवेचा बुडबुडा अडकलेला तिला दिसला होता, तिनं नखानं टिचकी मारली होती, रक्त थोडं पुढं सरकलं होतं. अशी चिप फेकून द्यायची असते. ती होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही. पण त्या दिवशी पेटीत तीनच चिपा उरल्या होत्या, एकेक बनवायला दोन दिवस लागायचे, आणि समोरची बाई 'मज भेव वाटतंय' म्हणत होती. ऊर्मीला त्या क्षणी तिच्या तोंडावरची भीती जायला हवी होती. म्हणून तिनं त्या फिक्या निळ्याला गडद म्हटलं. मनातल्या मनात, चटकन, एखादी पायरी चुकवून पुढचीवर पाय ठेवावा तसं. चिपची चूक नव्हती. हे सरांना माहीत नव्हतं, यादीला माहीत नव्हतं. इंजिन पुन्हा सुरू झालं.

ती पोचली तेव्हा साडेचार वाजले होते. थर्मलच्या धुराड्यांच्या बाजूला आकाश पिवळट राखाडी होतं. वस्तीतल्या गल्लीत प्रत्येक दाराशी पाण्याची रंगीत प्लॅस्टिकची कुडमं, म्हणजे घागरी, ओळीनं मांडलेली, टँकरच्या लॉरीतून मिळालेलं पाणी दोन दिवस पुरवायचं म्हणून भरून, वर ताटल्या झाकून. काहींवर ताटल्याही नव्हत्या. तिनं विचारत विचारत घर शोधलं. दार उघडंच होतं. आणि आत स्टोव्हसमोर हेमावती उभी होती, स्वतःच्या पायांवर, केस विंचरलेले, हातात पळी. ऊर्मीला पाहून ती हसली. "अम्मा. तुमी इकडे? यावा, यावा."

ऊर्मी चप्पल काढून आत गेली. तिनं हेमावतीचा हात हातात घेतला; हात कोमट होता, कोरडा, ओल्या डाळीचा वास येणारा. नखं दाबून सोडली, रक्त लगेच परत आलं. पोट दुखतं का, उलटी होते का, लघवीला होते का, ती विचारत गेली आणि हेमावती नाही, नाही, होतं की, असं सांगत गेली, थोडी लाजून, थोडी गंमत वाटून. तिचा नवरा राणोजी चटईवर बसून शर्टाला बटण लावत होता. तो उठून उभा राहिला. "कॉफी घेऊन जावा," तो म्हणाला. "तुमी सांगितलं म्हणून ही घाबरली नाही. नाही तर रडून रडून अर्धी झाली असती." ऊर्मी भिंतीला टेकली. वाचले, असं तिला वाटलं. तिला वाचली असं म्हणायचं होतं, पण शब्द वाचले असाच आला. भिंतीवर कॅलेंडर होतं, एक शाळेचं दप्तर खिळ्याला अडकवलेलं होतं. ती दप्तराकडे बघत राहिली. शुक्रवार. शाळेची वेळ नुकती संपलेली. मग तिनं विचारलं, "मुलगी कुठाय?"

"नंदिता? निजली आहे आंत," हेमावती म्हणाली. "तिचाही ताप आज सकाळीं उतरला. जरा पोटात दुखतंय म्हणते."

आणि ऊर्मीला मंगळवारची ती हरवलेली वाक्यं ऐकू आली, रिक्षाच्या हॉर्नसकट. पिशवी उचलून हेमावती म्हणाली होती, "घरीं लेकीचंही आंग तापलंय काल्हपासून. तेंच असेल न, मज झालं तें?" आणि बर्फाच्या पेटीचं झाकण दाबत, मान वर न करता, ती म्हणाली होती, "हो, तेच असेल."

आतली खोली म्हणजे एक पडदा आणि त्यामागं खिडकी नसलेली जागा. अकरा वर्षांची मुलगी कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. डोळे उघडे होते. ऊर्मी तिच्याजवळ बसली आणि तिनं पावलाला हात लावला. पाऊल गार होतं, नुसतं गार नाही, ओलसर गार, नळाखाली धरून काढल्यासारखं. नख दाबलं, पांढरं झालं ते पांढरंच राहिलं, आणि ऊर्मी मोजत राहिली, एक, दोन, तीन, चार. मनगटात नाडी बारीक धाग्यासारखी पळत होती, मध्येच हातून निसटत होती. मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये पाणी मागितलं, शांतपणे, अगदी समजूतदार आवाजात. ऊर्मी म्हणाली, "हिला आत्ता न्यायचं. आत्ता." राणोजीला कळेना. "ताप उतरलाय की," तो म्हणाला. "म्हणूनच," ऊर्मी म्हणाली. "सादा ताप म्हणून तुमीच बोललाव न?" तो विचारत होता, त्यात दोष नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. ऊर्मी पडदा सारून बाहेर आली. ती रिक्षा बघायला धावली.

रिक्षात नंदिता आईच्या मांडीवर आडवी होती आणि ऊर्मी तिची पावलं आपल्या दोन्ही हातांत धरून बसली होती. पुन्हा त्याच लॉऱ्या, तेच लोखंडी डबे. रिक्षावाला कडेच्या चिखलातून गाडी घालत होता. हेमावती लेकीला तंजावरच्या घराबद्दल काहीबाही सांगत होती, एका विहिरीबद्दल, मराठीत, आणि मुलगी डोळे मिटून 'हूं' एवढंच म्हणत होती. सरकारी इस्पितळात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी, तिशीच्या असतील, दोन्ही हातांत सुया घालायला सांगून मग विचारलं, ताप किती दिवस, आणि आणलं का नाही आधी. हेमावती तमिळमध्ये म्हणाली, "साधा ताप वाटला." एवढंच. तिनं ऊर्मीकडे पाहिलंही नाही. मुद्दाम नव्हे, तिच्या ध्यानातच ती नव्हती. डॉक्टरीण बाई ऊर्मीकडे वळल्या. "तुम्ही कोण?" ऊर्मी म्हणाली, "ओळखीची." सलाईनच्या नळीत एक हवेचा बुडबुडा खाली येत होता, नर्सनं दोन बोटांनी टिचकी मारून तो वर घालवला. ऊर्मी बाहेर जाऊन पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी साडेअकराला नंदिता गेली. तोवर तिच्यात किती बाटल्या घातल्या, किती वेळा नाडी परत आली आणि गेली, ते सगळं तिच्या नावाच्या कागदावर नीट लिहिलेलं होतं.

सोमवारी ऊर्मीनं सरांना सगळं सांगितलं, बुडबुड्यापासून. ते म्हणाले, "कंट्रोल फिका होता म्हणजे ते रीडिंग धरताच येत नाही. सत्तेचाळीस बाद कर. तसं लिही." बाद केलं की यादीत एकही चूक उरत नव्हती. तिनं खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्यानं सगळं कसं स्वच्छ पुसलं गेलं होतं. "आणि ती मुलगी?" तिनं विचारलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय म्हातारे दिसले. "मुलगी चाचणीत नव्हती, ऊर्मी," ते म्हणाले. त्यांना ते म्हणणं जड जात होतं हे तिला दिसलं. ते पुढं म्हणाले, काय घडलं ते मी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला लेखी कळवीन. तू आता एन्नोरला जाऊ नकोस, त्या लोकांना भेटू नकोस, तुझी जागा दुसरं कुणी घेईल. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या मनात फक्त एवढंच आलं की कशातही नसलेल्या माणसाला बादसुद्धा करता येत नाही.

नंतरचे तीन आठवडे ती खोलीत चिपा बनवत होती. साच्यात ते पारदर्शक घट्ट द्रव ओतायचं, निर्वात भांड्यात ठेवायचं, आणि आतून बुडबुडे वर येऊन फुटताना बघत बसायचं; शेवटचा फुटेपर्यंत ती हलायची नाही. घरी आई विचारायची, जेवत का नाहीस, आणि ती म्हणायची जेवले. कॉलनीतल्या जिन्यात कुणाचंही मूल भेटलं की तिचा हात नकळत त्याच्या कपाळाकडे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. मग एक दिवस दवाखान्यातल्या नर्स बाईंचा फोन आला, चिपांच्या राहिलेल्या डब्या परत न्या म्हणून. आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं की ती हेमावती रोज येऊन बाकावर बसते. येईल त्याला सांगते की माझा ताप साधा होता आणि मुलीचा वेगळा. दोघींच्या अंगाला एकच हात लावून बघत होते आणि मला, आईला, तो फरक कळला नाही. तिचा स्वतःचा निकाल डॉक्टरांना कळवला होता, पण तोवर ती बरी झालेली. तिला कशाला सांगायचं म्हणून कुणी सांगितलंच नाही. "वेड लागेल तिला असं वाटतं," नर्स बाई म्हणाल्या.

ऊर्मी दुसऱ्याच दिवशी गेली. सरांना विचारलं नाही. डिसेंबरची सकाळ होती, रस्ता मोकळा होता आणि बस फार लवकर पोचली. हेमावती दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती बारीक झाली होती, केस मागं ओढून बांधलेले. "यावा," ती म्हणाली आणि तिनं बसायला पाट सरकवला. ऊर्मी बसली. तिनं बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला साधा ताप नव्हता. तुम्हालाही डेंग्यूच होता. नंदिताला झाला तोच." हेमावतीचं बोट तांदळात थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. ऊर्मी सांगत गेली: चिप नीट चालली नव्हती. ती फेकून दुसरी लावायला हवी होती. मी लावली नाही. मग तुम्ही मुलीचं विचारलंत आणि मी न बघता तेच असेल म्हणाले. तुम्हाला फरक कळला नाही असं नाही. फरक नव्हताच.

एक खडा हेमावतीनं उचलून बाहेर टाकला. मग तिनं विचारलं, "चाललं नाही म्हणून तुमास तेव्हांच ठावं होतं की?"

"शंका आली होती."

"मग कां म्हणून सांगितलं मज?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

हेमावतीनं सूप खाली ठेवलं. तिनं ऊर्मीकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, तोंडापासून पायांपर्यंत आणि पुन्हा तोंडाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ऊर्मी त्याची वाट बघत होती. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "नींग पोंग." तुम्ही जा. तमिळमध्ये, बसमधल्या अनोळखी बाईला म्हणावं तितक्या आदरानं.

ऊर्मी उठली. दाराबाहेर राणोजी खांद्यावर पाण्याचं कुडम घेऊन येत होता. तिला पाहून तो थांबला. "कधीं आलाव?" तो म्हणाला. "जेवून जावा की. ही एकटीच असते हल्लीं. तुमी बोललाव तर तीस बरं वाटेल."

ऊर्मीनं तोंड उघडलं. आतून हेमावतीचा आवाज आला, नवऱ्याला सांगणारा, सपाट: "मॅडम किळंबिट्टांग." मॅडम निघाल्या.

राणोजीनं एकदा आत पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यानं कुडम खांद्यावरून उतरवून कमरेवर घेतलं आणि तिला जायला वाट दिली.